भागाचं बोट, सोजरचं नाव

देवीच्या वाती वळायला बसले होते, अर्ध्याच झाल्या होत्या, तोच हैदराबादच्या डॉक्टरांची जीप मारुतीच्या पाराशी येऊन थांबली. १९९२ सालचा पौष. वयात येणाऱ्या गरिबाघरच्या पोरींच्या अंगात रक्त किती, याचा ते लोक अभ्यास करत होते. बोटाला सुई टोचून थेंब एका लहानशा यंत्रात ठेवायचा, की आकडा उमटे. कमी निघेल तिला वर्षभर रक्तवाढीच्या गोळ्या फुकट. काम पुण्याचंच होतं. पण डॉक्टरीण आकडा मोठ्यानं सांगे, आणि पारावर अर्धं गाव बसलेलं. एवढं यंत्र आणलं, एक पडदा तेवढा आणला नाही.

पहिल्या फेरीत देवाजीच्या पोरीचं असंच झालं. डॉक्टरीण तेलुगूत म्हणाली, "रक्तम् तक्कुव", म्हणजे रक्त कमी. आठवड्यात तिची ठरलेली सोयरीक मोडली. मुलाकडचे म्हणाले, "बिनरक्ताची पोरगी आमी काऊन न्यावं?"

ही दुसरी फेरी. शेजारची बयनाबाई माझ्या दारात आली. माणूस गेल्यापासून ती भैंसा गावच्या जिनिंग कारखान्यात कापूस निवडी. लेक सोजर लहान होती तेव्हापासून तिलाही सोबत नेई. सोजर आता पंधराची. चार पावलं चालली की धापा टाके, चुलीची भाजकी माती चोरून खाई.

"वहिनी, माही सोजर नाही जात. भागाले धाडतो." भागा म्हणजे तिच्या दिराची पोरगी. घरी दुभती म्हैस, गालावर लाली.

"अवं, गोळ्या सोजरले पायजेत ना?"

"गोळ्यायनं लगन जमते का? माघात पाहुणे येऊन राह्यले."

"अन् डॉक्टरणीनं ओळखलं तर?"

"तिले आपल्या सगळ्या पोरी सारख्याच दिसतात. तुमी वळा तुमच्या वाती."

भागानं बोट पुढं केलं आणि सोजरचं नाव सांगितलं. आकडा चांगला आला. डॉक्टरीण हसली, भागाला ओळखत असूनही पारावरच्या माना डोलल्या. आणखी काही आयांनी हेच केलं होतं, ते मागाहून कळलं. आमच्या गावच्या पोरी धडधाकट ठरल्या आणि गोळ्यांच्या पेट्या दुसऱ्या गावी गेल्या.

फाल्गुनात सोजरचं लग्न झालं. बयनाबाई ज्याला त्याला सांगे, "मशीननं पास केलेली पोरगी हाय." तेच शब्द सासरी तिच्या लेकीवर उलटले. पाण्याच्या घागरी आणताना सोजर वाटेत बसली की तिची सासू तुळजाबाई म्हणे, "ऊठ वं म्हाराणी! मशीननं पास केलं ना तुले? मंग रक्त कुठी गेलं? नुसता आळस हाय आंगात."

दिवस गेल्यावर पोळ्याला सोजर माहेरी आली. ओठ पांढरेफटक. माझ्यासमोरच म्हणाली, "माय, त्यायले खरं सांगून दे. दवाखान्यात तरी नेतील."

"सांगतलं तर टाकून देतील तुले. बाळंत होय, मंग सांगू."

ती सासरी परतली. कापूस वेचायचे दिवस म्हणून तुळजाबाईनं तिला नववा लागेपर्यंत बाळंतपणाला सोडलं नाही. पौषात आमच्या गावीच मुलगी झाली. रक्त थांबेना. बैलगाडी मोठ्या रस्त्याला लागायच्या आत सोजर गेली. देवीपुढं मी रोज बसते, पण त्या दिवशी हात जोडायला उठवेना.

तेराव्याला तुळजाबाई आली. "आमच्याकडं होती तवर कापूस वेचत होती. तुमच्या घरी आली अन् मेली. काय खाऊ घातलं तिले?"

आता बयनाबाई म्हणाली, "ते बोट भागाचं होतं. सोजरचं रक्त कोणी पायलंच नाही."

"म्हंजे फसवलं आमाले!" तुळजाबाईनं मांडीवरची नात खाली वाकळीवर ठेवली. "मंग हे बी तुमीच सांभाळा."

ती गेली. बयनाबाई रडलीही नाही. पोर माझ्याकडं देऊन, तांब्या घेऊन ती चंपतरावाकडं शेळीचं दूध मागायला निघाली.