पंचमीच्या दुधाचं शेवाळ

अमरावतीच्या त्या तालमीत पोहण्याचा हौद होता, आणि हौदाच्या राखणीला देवमन. हौद रिकामा असला की यानं आत उतरून भिंती विटकरीनं घासायच्या, चुना मारायचा. पाणी भरलं की मात्र चल बाहेर! मग मोरचुदाची पुरचुंडी बांबूला बांधून काठावरूनच पाण्यात फिरवायची, शेवाळ धरू नये म्हणून. छप्पन साली देवमन बौद्ध झाला, तरी तालमीचा कायदा तोच. घासायला चाले, बुडी मारायला नाही. वा रे कायदा!

नागपंचमीला तालमीचे उस्ताद पंजाबराव हौदाची पूजा करत. हळद, फुलं आणि घागरभर दूध पाण्यात, हौदानं कोणाचा बळी घेऊ नये म्हणून. दुसऱ्या दिवशी देवमन पाणी सोडून हौद घासून काढी. बासष्टच्या पंचमीला मात्र उस्तादांनी फर्मान काढलं, पोळ्याची पोहण्याची शर्यत देवाच्या पाण्यातच होईल, तोवर पूजेचं पाणी सोडायचं नाही.

व्हायचं तेच झालं. दूध नासलं, फुलं कुजली. मोरचूद फिरवून फिरवून देवमनचे हात निळे पडले, तरी पाणी हिरवं ते हिरवंच. पायऱ्यांवर बुळबुळीत थर चढला. शर्यतीच्या सकाळी पोरं लंगोट कसून उभी, आणि देवमन त्यांना आडवा.

"उस्ताद, पायरीवर पाय घसरून राहिले. एखाद्याचं डोस्कं फुटन. पानी सोडू द्या."

"देवाचं पानी मोरीत? धर्म बदलला आन् अक्कलबी गहाण टाकली काय बे?"

"मंग माह्यं फोडा डोस्कं. पोराइले उतरू देत नाई मी."

मोरीच्या बुचाची साखळी देवमननं मनगटाला गुंडाळली. पंजाबरावांची काठी आधी पाठीत बसली, मग खांद्यावर, मग नेमकी त्या मनगटावर. हाड मोडल्याचा आवाज पोरांनीही ऐकला. कोणीतरी पोटात लाथ घातली. तोंड रक्तानं भरलं, पण पठ्ठ्या साखळी सोडीना. सगळं अंग मागं टाकून त्यानं हिसका दिला आणि बूच निघालं. पाणी मोरीत शिरू लागलं.

पंजाबराव पिसाळले. बूच परत ठोकायला धावत पायऱ्या उतरले आणि दुसऱ्याच पायरीवर धाडकन आपटले. टाळकं फुटलं. हिरव्या पाण्यात रक्त पसरलं. सगळे मर्द गडी बघतच राहिले! मोडक्या हाताच्या देवमननंच उडी घातली आणि केसांना धरून उस्तादांना वर ओढलं. भरल्या हौदातली ती त्याची पहिली बुडी.

पुढच्या पंचमीला पंजाबराव दुधाचा गडवा घेऊन आले. कपाळावर वण होता. गडवा त्यांनी देवमनपुढे धरला.

"पे."

देवमननं वाकड्या मनगटानं गडवा तोंडाला लावला, अर्धं दूध प्यायला आणि गडवा परत दिला.

"उरलं ते तुमी प्या, उस्ताद."

सगळी तालीम भोवती जमलेली. पंजाबरावांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि उरलेलं दूध हौदात फेकलं.

साखळी मनगटाला गुंडाळून देवमननं बूच ओढलं. या खेपेला काठी कोणीच उचलली नाही.