भातखाचरातले झेब्राफिश

झेब्राफिशची मादी सकाळच्या पहिल्या उजेडात अंडी घालते. अंडं इतकं नितळ असतं की दुसऱ्या दिवशी आतलं धडधडणारं हृदय दिसतं. म्हणूनच या करंगळीएवढ्या, निळ्या पट्ट्यांच्या माशामागे जगभरचे शास्त्रज्ञ लागलेले असतात. आमच्या नगरच्या कॉलेजात मात्र सकाळी दिवा लागेल की नाही, याचीच खात्री नाही.

मी तिथे प्राणिशास्त्र शिकवते आणि पीएचडी करते. पुण्याच्या एका प्रयोगशाळेतून प्रमाणित वाणाचे मासे दोनदा आणले. दोन्ही वेळा आमच्या क्षारांच्या जड पाण्यात आठवडाभरात मेले. तिसऱ्यांदा मागायची लाज वाटली. मग अकोले तालुक्यातल्या डोंगरात शेती करणाऱ्या माझ्या मामांनी खाचराच्या पाटात मच्छरदाणी लावली, सापडले तेवढे मासे कॅनमध्ये भरले आणि एसटीत मांडीवर घेऊन नगरला आणले.

"लई बारीक हायेत, कालवनाला बी न्हाई यायचे. काय करशील यांचं?"

"तुम्ही भातावर जे औषध फवारता ना मामा, त्याने यांच्या पिल्लांच्या हृदयाला काय होतं ते बघायचंय."

"मग मला बी सांग. आमी त्याच पाटाचं पानी वापरतो."

हे मासे जगले. लाइट गेली तर खिडकीतल्या उजेडावर अंडी घालायचे. टाकीवर मी 'अकोले' अशी चिठ्ठी चिकटवली. दोन वर्षं रोज पिल्लांच्या हृदयाचे ठोके मोजले. औषधाच्या पाण्यात ठोके मंदावत होते, हे दिसत होतं. शोधनिबंध लिहिला आणि मासे कुठून धरले तेही प्रामाणिकपणे लिहिलं.

निबंध परीक्षकाच्या शेऱ्यांसह परत आला. हा वाण कोणता, कोणत्या केंद्रातून घेतला, प्रमाणित माशांवर प्रयोग पुन्हा करावा. माझ्या मार्गदर्शक बाई म्हणाल्या, "खाचर कशाला लिहिलंस? सगळे 'स्थानिक विक्रेत्याकडून' लिहितात, कुणी विचारत नाही."

माझं डोकंच फिरलं. दुकानातला मासा कुठून येतो ते दुकानदारालाही ठाऊक नसतं, तो चालतो. मला पाट माहीत, शेत माहीत, धरणारा माणूस माहीत, आणि माझा मासा चालत नाही! त्यांच्या एका मान्यताप्राप्त वाणाच्या नावातच कलकत्ता आहे, म्हणजे तोही कधीतरी आपल्याच पाण्यातून उचललेला. स्टाफरूममध्ये मी हे इतक्यांदा बोलले की लोक चहाचा कप घेऊन दुसरीकडे बसायला लागले.

जास्त राग याचा आला, की परीक्षकाचं अर्धं म्हणणं खरं होतं. मामांच्या पाटातल्या माशांना औषधाची आधीच सवय झाली असेल तर? हा प्रश्न मलाच पडायला हवा होता.

नवे मासे आणि पाण्याचा फिल्टर देण्याचं बाईंनी कबूल केलं. टाक्या मात्र होत्या तेवढ्याच, त्या रिकाम्या करायला हव्या होत्या. मामांना फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, "आन की परत, सोडू पाटात. त्यांचंच घर हाय." पण प्रयोगशाळेतला मासा पुन्हा ओढ्यात सोडायचा नाही, रोग पसरतो. हे मीच दरवर्षी वर्गात शिकवते. नियम बरोबर आहे, त्यामुळे भांडायलाही कुणी नव्हतं.

बर्फाच्या पाण्यात त्यांना मारायचं ठरलं त्या सकाळी लाइट नेमकी वेळेवर आली. टाकीच्या तळाशी अंडी पडलेली होती. मी एकेक मासा जाळीने उचलून बर्फाच्या पाण्यात सोडला. मग अंडीही.

संध्याकाळी मामांचा फोन आला. "ते औषधाचं काय निघालं गं? तू सांगनार हुतीस."

वहीतले दोन वर्षांचे ठोके माझ्यासमोरच होते.

"अजून नक्की सांगता येत नाही, मामा."

"बरं. मग उद्या फवारनी उरकून घेतो."