भात्याचे पट्टे

मी फटकळ आहे. आगाशीच्या बाजारात शिळी वांगी दिसली की विकणारीला तोंडावर सांगते, आणि चर्चच्या कॉयरमध्ये कोणाचा सूर लागला नाही तर त्यालाही. म्हणूनच माझा थोरला भाऊ दर वेळी मलाच विचारायचा, "बाय, खरं सांग, मी मागे पडतोय का?"

दादाने सगळी उमर गिरीजच्या आसपासच्या लग्नांत अकॉर्डियन वाजवलं. लहानपणी भात्याचे दोन्ही पट्टे सोडायचं काम माझं. ते चामड्याचे पट्टे बटणांनी लावलेले असले की भाता उघडत नाही, आणि भाता उघडला नाही तर वाद्य मुकं. पट्टे सोडले की दादा नवरा-नवरीसाठी टँगो वाजवायचा, आणि मांडवातली माणसं ताटात काय पडतंय ते बघायची. "एकदा तरी लोकांनी गप बसून ऐकावं गं," एवढंच त्याचं मागणं.

गेल्या वर्षी ती वेळ आली. नंदाखालचे आमचे सर, पूर्वी शाळेत संगीत शिकवायचे, त्यांनी एक मोठी रचना बसवायला घेतली. चाल टँगोची, पण नाचायची नव्हे, बसून ऐकायची. मागे वीसेक व्हायोलिन-चेलो आणि पुढे एकटं वाजणारं बँडोनियन. ते अकॉर्डियनचंच चुलत भावंड, पण वसईत कोणाकडे असणार? सर म्हणाले, अकॉर्डियनवर भागवू. पुढची खुर्ची दादाला मिळाली. मी मागे, दुसऱ्या व्हायोलिनांत.

पण दादाचे कान गेले होते. मशीन होतं. ते घातलं की व्हायोलिनं पत्र्यावर खडे पडल्यासारखी वाजतात, म्हणायचा आणि काढून ठेवायचा. मग आमचे गज बघून वाजवायचा, म्हणजे दर वेळी अर्धी मात्रा उशिरा. टँगोला एवढा उशीर खपत नाही, सगळं लंगडायला लागतं. तालमीत लोक एकमेकांकडे बघायचे. शेवटी सरांनी मला बाजूला घेतलं. "तुम्हीच सांगा. तुमचं ऐकतील."

गावभर तोंड चालवणारी मी, आणि नेमकी तिथेच माझी दातखीळ बसली! घरी येताना रिक्षात दादाने मागे पडतोय का विचारलं, तेव्हा त्याच्या कानाशी ओरडून म्हटलं, "छे, काहीतरीच तुझं!" पुढच्या तालमीनंतर तेच, त्याच्या पुढच्या तालमीनंतरही तेच. तो लगेच खुलायचा. ते खुललेलं तोंड बघून मला माझीच चीड यायची, आणि तरी दुसऱ्या दिवशी मी तेच बोलायचे.

कार्यक्रमाला आठवडा राहिला. सकाळी मी ओट्याशी खोबरं वाटत होते, मिक्सर घरघरत होता. पडवीत दादा अकॉर्डियन घेऊन बसला होता. दारातून त्याची पाठ तेवढी दिसत होती, खांदे तालात हलत होते. मिक्सर बंद करून मी उंबऱ्याशी आले तेव्हा त्याने मान वळवली.

"कसं झालं?"

"झकास!" मी मोठ्याने म्हटलं. "कुठेच मागे पडला नाहीस."

तो खुर्चीतच वळला आणि अकॉर्डियन माझ्यापुढे धरलं. दोन्ही पट्टे लावलेलेच होते.

"बाहेरचे गोड बोलले तर समजतो," तो म्हणाला. "पण तू गं?"

दुपारी त्यानेच सरांना फोन करून नाही म्हणून सांगितलं. पलीकडचं ऐकू येत नव्हतं, म्हणून तीन-तीनदा सांगितलं. मी आत कांदे चिरत ऐकत होते. मुंबईहून दुसरा वादक आला.

कार्यक्रमाला दादा आला, इस्त्रीचा शर्ट घालून, शेवटच्या ओळीत. हॉल भरला होता आणि लोक अगदी गप बसले होते, त्याला हवे होते तसे. त्याचं मशीन घरी खणातच राहिलं होतं, निघताना मी बघितलं होतं.

बाहेर आल्यावर मला राहवलं नाही. त्याच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं, "दादा, कसं झालं?"

"झकास," तो म्हणाला. "कुठेच मागे पडली नाहीस."