पुसलेला डाग

कापडाच्या कारखान्यात तपासणी खात्यात मी लागले तेव्हा माझं टेबल भिंगताईंच्या शेजारी होतं. भिंगताई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे, पण खरं नाव पगाराच्या पाकिटाखेरीज कुठे चालतच नसे. तपासणीचं टेबल म्हणजे खालून दिवे लावलेली तिरकी काच. कापडाचा तागा एका रुळावरून उलगडत काचेवरून सरकतो आणि पलीकडच्या रुळावर गुंडाळला जातो. आपण मध्ये उभं राहायचं आणि दोष शोधायचा. तुटलेला धागा, गाठ, विणीतली फट, तेलाचा ठिपका. सापडला की काठाला लाल दोरा बांधायचा. आम्ही डोळ्यांत तेल घालून बघायचो, तरी एखादा दोष निसटायचा. ताई सव्वीस वर्षं गप्पा मारता मारता बघत होत्या आणि त्यांच्या हातून काही निसटत नव्हतं.

या डोळ्यापायी लोक त्यांना घाबरून असत. कुणाकडे गेल्या की बसायच्या आधी पडद्यापाशी जायच्या. "दुय्यम माल गळ्यात मारलाय हो तुमच्या," असं सांगून मग खुर्ची ओढायच्या. त्या माझ्याकडे येणार असल्या की मी सकाळीच पडदे काढून धुवायला टाकायचे.

ताईंना एकच थोरला भाऊ. त्या दादा म्हणत, म्हणून आम्हीही दादाच म्हणायचो. ते पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात कारकून होते, लग्न केलं नव्हतं, आणि सुट्टीच्या दिवशी चित्रं काढायचे. पुस्तकबांधणीच्या दुकानावर तिसऱ्या मजल्यावर त्यांची खोली होती. ताई दर रविवारी तिथे डबा घेऊन जात. चित्रं भिंतीकडे तोंड करून उभी असत. दादा एखादं फिरवून विचारत, "बघतेस का?"

"बघितलं. छान आहे. गरम आहे तोवर जेवून घे," म्हणत ताई डबा उघडायच्या.

आम्ही चौकशी केली की म्हणायच्या, "आमच्या घराण्यात चित्रातलं कुणाला काही कळत नाही. दादालासुद्धा नाही."

एके दिवशी दुपारच्या सुट्टीत दादा कार्यालयातल्या खुर्चीत बसल्या बसल्या गेले. कुणाला हाक मारायलाही वेळ मिळाला नाही. ताई आठ दिवसांनी कामावर आल्या, डोळे कोरडे, चेहरा दगडाचा. घरमालकाने खोली दोन महिन्यांत रिकामी मागितली होती. खोलीत एक पलंग, एक स्टोव्ह, चार सदरे आणि एकशे तेरा चित्रं होती.

"एकशे तेरा!" ताईंचे यजमान म्हणाले. "अगं, आपल्या घराला भिंती चार. त्यातल्या एकीत दार, एकीत खिडकी, एकीला कपाट. उरली एक, तिला ओल." हे बस आगारात वेळ नोंदणारे, स्वभावाने गरीब. चार जणांचं मत पडलं की चित्रांचं कापड जाड आहे, गच्चीवर झाकायला उपयोगी पडेल. ताईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "टाकायचं तर टाकू. पण काय टाकतोय ते तरी कळू दे मला."

तिथून त्यांच्या जिवाला जी टोचणी लागली ती लागलीच.

आधी त्यांनी स्वतःला येत होतं ते केलं. चित्रं कुणालाही द्यायची तर निदान स्वच्छ हवीत, म्हणून फडकं घेऊन धूळ झटकायला बसल्या. सगळ्यात पुढे दादांचं शेवटचं चित्र होतं, बोटाला अजून किंचित चिकट लागणारं. एक जिना, राखाडी, वर जाणारा. खाली डाव्या कोपऱ्यात, पहिल्या पायरीच्या शेजारच्या भिंतीवर, एक तपकिरी डाग. तळहाताएवढा, कडा फिसकटलेल्या. ताईंच्या डोळ्याने तो क्षणात टिपला. दादांच्याच बाटलीतलं टर्पेंटाइन घेऊन त्यांनी तो हलक्या हाताने पुसून काढला. दुसऱ्या दिवशी मला समाधानाने सांगितलंही, "काम करताना सांडलं असेल त्याच्या हातून. वेंधळा होता."

मग त्या शहरातल्या चित्रसंग्रहालयात गेल्या. दुपारची पाळी होती, सकाळ मोकळी. चौसष्ट चित्रं अकरा मिनिटांत बघून बाहेर आल्या आणि पायऱ्यांवर उभ्या राहून म्हणाल्या, आता? परत आत गेल्या. पुन्हा अकरा मिनिटं. असं चार सकाळी झालं. पायाला भिंगरी असल्यासारख्या त्या खोल्यांतून फिरत. पाचव्या दिवशी मधल्या खोलीत घडीच्या स्टुलावर बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईंनी त्यांना हटकलं. या बाई शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या.

"तुम्ही चित्रं बघत नाही हो," बाई म्हणाल्या. "हजेरी घेता."

ताईंना राग आला. "बघतेच आहे की. तेच तर माझं काम आहे."

"मग समोरच्या चित्रात काय आहे, न वळता सांगा. आत्ताच त्याच्यापुढून गेलात."

ताईंना एवढंच आठवलं की चौकटीचा खालचा सांधा उघडलाय.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी ताईंना स्टूल दिलं, आपण भिंतीला टेकल्या, आणि म्हणाल्या, "अर्धा तास. उठायचं नाही. अर्थ शोधायचा नाही. तुमची नजर आधी कुठे गेली, मग कुठे गेली, एवढंच लक्षात ठेवायचं."

समोर एक टेबल होतं, त्यावर पांढरं कापड, एक वाडगा, काठाबाहेर थोडी मूठ आलेली सुरी. ताई चौथ्या मिनिटाला उठल्या. बाईंनी डोळ्यांनीच खाली बसवलं. पाय हलायला लागले, मान अवघडली. घरचं काम आठवलं. आणि वैतागून त्या म्हणाल्या, "या कापडाला वीणच नाही! हे कापडच नाही, नुसता रंग थापलाय. आणि पांढरा तर कुठेच नाही, निळा आहे, हिरवट आहे, इथे तर मातकट."

"मग तुम्हाला पांढरं कापड कसं दिसलं?" बाईंनी विचारलं.

या एका प्रश्नाने ताईंचं चित्त थाऱ्यावर राहीना. घरी गेल्या, पलंगावरच्या चादरीसमोर उभ्या राहिल्या. यजमानांना म्हणाल्या, "अहो, या चादरीचा रंग कोणता?"

"पांढरा."

"नीट बघा."

"अगं, मला झोपायचंय तिच्यावर, लग्न नाही लावायचं तिच्याशी."

पण ताईंना त्या चादरीत जांभळी सावली दिसत होती, आणि एकदा दिसल्यावर ती जाईना. कारखान्यातही तेच. म्हणायच्या, "इतकी वर्षं मी काय नाही तेवढंच शोधत होते गं. काय आहे ते बघितलंच नाही." त्यांना हे सुखाचं वाटत नव्हतं. कुणी मागून ढकलतंय तशा त्या रोज सकाळी संग्रहालयात, तिथून दादांच्या खोलीवर, तिथून धावत पाळीला येत. डबा उघडायच्या आणि न खाता बंद करायच्या.

खोलीवर आता त्या एकेक चित्र फिरवून त्याच्यापुढे बसू लागल्या होत्या. एका सकाळी त्यांनी जिन्याची सगळी चित्रं एका ओळीत लावली. अकरा निघाली. वेगवेगळ्या वर्षांची, कधी उन्हातला जिना, कधी दिव्यातला. दहांमध्ये खाली डाव्या कोपऱ्यात तोच तपकिरी डाग होता. तळहाताएवढा. अकराव्यात नव्हता.

ताई उठून अकराव्यापुढे बसल्या.

नजर पायऱ्या चढून वर जायची आणि तिथून कोसळायची. खाली तिला धरायला काहीच नव्हतं. जिना हवेत लोंबकळत होता. बाकीच्या दहांत तो डाग खाली ठाम बसला होता, आणि त्याच्या जोरावर जिना उभा होता.

त्या दिवशी चाळीस मीटर कापड, उभा एक धागा तुटलेला, ताईंच्या काचेवरून सरळ पुढे गेलं. फेरतपासणीत मी ते पकडलं. खातेप्रमुखांना आधी माझंच काहीतरी चुकलं असं वाटलं. सुट्टीत मी ताईंना कोपऱ्यात घेतलं, तेव्हा हे सगळं त्यांनी मला सांगितलं. सांगताना उजव्या हाताची बोटं एकसारखी पदराला पुसत होत्या. "दादाचं शेवटचं काम गं. आणि मी मोलकरणीसारखं पुसलं. मोलकरीणसुद्धा विचारते आधी."

पुढच्याच सकाळी ताई संग्रहालयातल्या बाईंना खोलीवर घेऊन गेल्या. तीन जिने चढून बाईंना धाप लागली, पाणी पिऊन त्या बराच वेळ अकरा चित्रांपुढे फिरत राहिल्या.

"डाग कशाचा ते मला सांगता येणार नाही," त्या म्हणाल्या. "पण तो हवा होता."

"मी परत लावू का? रंग आहेत त्याचे. ट्यूब अजून ओली आहे."

"तुमचा हात म्हणजे त्यांचा हात नव्हे."

"मग मी करू काय?"

"काही नाही. तसंच राहू द्या. फक्त लपवू नका."

ताईंना वाटलं होतं बाई धीर देतील. बाई उलट बाकीच्या चित्रांकडे वळल्या आणि भराभर वेगळी काढू लागल्या. "हे नको. हे घाईत केलंय. हे दुसऱ्याचं बघून केलंय. हे नको." एकामागून एक चित्रं भिंतीकडे तोंड करून परत गेली. ताई ओठ आवळून उभ्या होत्या. पाण्याच्या टाकीचं एक करडं चित्र बाईंनी उचललं. "आणि हे तर अगदीच मेलेलं."

"ते खाली ठेवा," ताई म्हणाल्या.

"भाऊ म्हणून—"

"भाऊ म्हणून नाही. बसा इथे. बसा म्हणते ना." त्यांनी बाईंना पलंगावर बसवलं आणि चित्र खिडकीपाशी नेलं. "तुम्हाला सगळं करडं दिसतंय. पण पाणी बघू नका, टाकीची कड बघा. इथे कड जाड आहे, इथे बारीक झाली, आणि इथे नाहीच. इथे टाकी संपली कुठे आणि आकाश लागलं कुठे, सांगा. मला तीन दिवस लागले. पाणी काठाला आलंय बाई. आता सांडेल. तो रोज तिथे नोकरी करत होता, त्याला ठाऊक होतं पाणी कधी सांडतं ते."

बाई बघत राहिल्या. खालच्या दुकानात कागद कापायचं यंत्र चार-पाच वेळा आपटलं. मग बाई म्हणाल्या, "बरोबर. मला दिसलं नव्हतं." आणि ते चित्र त्यांनी स्वतः उचलून निवडलेल्यांत ठेवलं.

ताई तिथेच, दादांच्या पलंगाला टेकून, पहिल्यांदा रडल्या.

निवडलेली बावीस चित्रं वाचनालयाच्या दालनात आठ दिवस लागली. ग्रंथपाल बाईंचे जुने विद्यार्थी, त्यांनी दालन दिलं. आम्ही तपासणी खात्यातल्या सगळ्याजणी गेलो, आणि सवयीने आधी चित्रांच्या कडा तपासल्या. जिन्याची तीन चित्रं शेजारी शेजारी होती. शेवटच्याखाली ताईंनी स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी लावली होती: 'या चित्रातला एक डाग चित्रकाराच्या बहिणीने घाण समजून पुसला आहे. तो कुठे होता ते शेजारच्या दोन चित्रांत पाहावे.' यजमान म्हणाले होते, "हात दाखवून अवलक्षण कशाला?" ताईंनी ऐकलं नाही.

तिसऱ्या दिवशी दादांच्या कार्यालयातला शिपाई आला. निवृत्तीला आलेला माणूस, टोपी हातात घेऊन चिठ्ठी दोनदा वाचली आणि हसायलाच लागला.

"अहो ताई, घाणच होती ती! आमच्या कार्यालयाचा जिना हा. खाली रखवालदार बसायचा स्टुलावर, भिंतीला डोकं टेकून. केसांना तेल. वीस-पंचवीस वर्षांत भिंतीवर तपकिरी डाग पडला. तो म्हातारा गेला, त्या वर्षीच भिंत रंगवली मोठ्या साहेबांनी. साहेब येता-जाता तिथे थांबायचे... म्हणजे तुमचे दादा. रंगवल्यावरसुद्धा थांबायचे."

ताईंनी त्याला तीनदा विचारलं, नक्की इथेच ना, पहिल्या पायरीपाशी? तो म्हणाला, इथेच. त्या दिवशी दालन बंद होईपर्यंत त्या त्या तीन चित्रांपुढून हलल्या नाहीत. येणाऱ्या प्रत्येकाला त्या रखवालदाराबद्दल सांगत होत्या, आणि प्रत्येकाला आधी विचारत होत्या, "तुमची नजर पहिल्यांदा कुठे गेली?"

चित्रांचं पुढे काय झालं ते सांगते. टाकीचं चित्र पाणीपुरवठ्याच्या कार्यालयाने मागून घेतलं, काही शाळेत गेली, दोन घरमालकाने ठेवून घेतली आणि खोली आणखी महिनाभर वापरू दिली. बाईंनी नको म्हटलेली सगळी ताईंच्या पलंगाखाली आहेत. यजमान म्हणतात, आमचा पलंग हल्ली बराच वजनदार झालाय. पुसलेलं चित्र ओल असलेल्या भिंतीवर कसं लावायचं, म्हणून आधी त्या भिंतीची दुरुस्ती झाली.

ताई दोन वर्षांनी निवृत्त झाल्या. आम्हाला वाटलं आता स्वस्थ बसतील. पण बुधवारी सकाळी त्या आमच्यापैकी कुणाला तरी घेऊन संग्रहालयात जातात, स्टूल आता त्यांचं स्वतःचं आहे. गेल्या महिन्यात माझी पाळी होती. वरच्या मजल्यावर एक मोठं चित्र आहे, लाल आणि काळं, त्यात कशाचाच आकार नाही. ताई त्याच्यापुढे पाऊण तास बसल्या, चार वेळा स्टूल हलवलं, एकदा उठून दारापर्यंत गेल्या आणि परत आल्या.

"काय झालं ताई?" मी विचारलं.

"सहा महिने याच्यापुढे बसतेय. अजून पटत नाही मला हे," त्या म्हणाल्या. "काळं नीट बसलेलं नाही. की मलाच दिसत नाहीये? तू जरा तिकडून बघ, मी इकडून बघते."

मी पलीकडच्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिले आणि बघायला लागले.