टाकीआडची तपासणी

आमच्या शेजारच्या डॉक्टरांइतका माणसांच्या चेहऱ्यांबद्दल बेफिकीर माणूस अख्ख्या नाशिक रोडात सापडला नसता. ते जनावरांचे डॉक्टर, आणि त्यातही सगळा जीव कुत्र्यांच्या मोडक्या पायांत. समोरून कुणीही आलं की त्यांची नजर थेट खाली. माझ्या बहिणीच्या लग्नात नवरदेव मांडवात शिरले, तेव्हा हे माझ्या कानात म्हणाले, "मुलगा उजवा पाय जरा चोरतोय. लहानपणी पडला असणार." चौकशी केल्याशिवाय मला राहवेना. दाजी खरंच शाळेत असताना चिंचेवरून पडले होते! शस्त्रक्रियेची हत्यारं डॉक्टर घरच्या प्रेशर कुकरमध्ये उकळायचे. शिट्टी झाली की आम्हा शेजाऱ्यांना वरणाची नव्हे, कुणाच्या तरी मांडीच्या हाडाची आठवण व्हायची.

नव्वदनंतरची गोष्ट. आमच्या कुत्र्याला, बंड्याला, कांद्याच्या ट्रॅक्टरनं उडवलं आणि दुसऱ्या एका डॉक्टरांनी पाय कापायला सांगितला. "मला मेली कुत्री आवडत नाहीत" असं रोज बजावणारी आमची आई त्या दिवशी जेवली नाही. शेवटी शेजारच्या डॉक्टरांनी बंड्याच्या मांडीच्या हाडात स्टीलची सळई घालून पाय वाचवला. पुढे हाड जुळलं, सळईही निघाली. पण बंड्या आपला तीन पायांवरच. आई रडकुंडीला आली. "पाय गेलाच म्हणा की डॉक्टर!"

"वहिनी, इकडे या," म्हणत त्यांनी आम्हा दोघांना अंगणातल्या पाण्याच्या टाकीआड दडवलं. बंड्यानं इकडेतिकडे पाहिलं. कुणी नाही अशी खात्री झाल्यावर तो चारही पायांवर सुसाट मांजरामागे धावला.

"पाय केव्हाच बरा झालाय," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही दिसलात की लंगडतो. आता शिरा भरवणं बंद करा."

बऱ्याच वर्षांनी डॉक्टर स्कूटरवरून पडले आणि त्यांच्याच मांडीत सळई बसली. कसं आहे विचारलं की म्हणायचे, "ठणठणीत!" आणि आमच्या फाटकावरून ताठ चालत जायचे. मला तर त्यांनीच लावलेली खोड. एका दुपारी मी टाकीआड जाऊन बसलो. डॉक्टर आले, थांबले, गल्लीत दोन्हीकडे पाहिलं. कुणी नव्हतं. मग भिंतीचा आधार घेत, लंगडत, एकेक पाऊल जपून टाकत पुढे गेले. धावत जाऊन हात द्यावा असं फार वाटलं. पण त्यांच्या फाटकाची कडी वाजेपर्यंत मी टाकीआडून उठलो नाही.