दुपारची पंगत

कोल्हापूरच्या एका कंपनीत सहा वर्षं मी मूकपटांत कामं केली. तोंडाला सफेदा फासायचा, डोळ्यांत काजळ घालायचं आणि मालक म्हणेल तेव्हा मरायचं. पुढे मला शिंगं फुटली. कॅमेरा भाड्यानं आणला आणि निपाणीजवळच्या आमच्याच मळ्यात स्वतःचं चित्र काढायला लागलो. नट मी, दिग्दर्शक मी, निर्माताही मीच.

वडिलांना, म्हणजे आप्पांना, हे मुळीच पसंत नव्हतं. आम्ही जैन, तंबाखू पिकवणारे. तोंड रंगवून पोट भरणारा आमच्यात मी पहिलाच. कंपनीत गेलो तेव्हापासून आप्पा मला शेजारी जेवायला बसवत नसत. ते उठले की मग आई माझं ताट वाढायची.

लग्नाच्या पंगतीचं दृश्य होतं त्या दिवशी वरबापाचं काम करणारा नट आलाच नाही. पिकात कोण शिरतंय ते बघायला आप्पा बांधावर उभे होते. मी जाऊन म्हटलं, "आप्पा, पंगतीत बसता का? नुसतं जेवायचं हाय."

"जेवायचं सोंग?"

"न्हाय, खरंच जेवायचं. हुग्गी केलीया."

त्यांनी तोंडाला रंग लावू दिला नाही. भर उन्हात पानावर बसले आणि गव्हाची ती गोड खीर घरच्यासारखी चवीनं जेवले. आमच्या एकाही नटाला तसं जेवता आलं नसतं. मी भलताच खूश झालो.

दिव्यांची सोय आमच्याकडे नव्हती. सगळं उन्हात टिपायचं आणि रात्र हवी तिथं फिल्म निळ्या रंगात बुडवायची, अशीच तेव्हाची रीत. गोष्टीत दरोडा रात्रीच्या पंगतीवर पडत होता, म्हणून तेवढा तुकडा मी निळा केला. दिवस मावळल्यावर आप्पांनी जन्मात घास घेतला नव्हता, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. कंपनीत राहून माझा स्वतःचा नेम केव्हाच सुटला होता.

निपाणीत तंबूत चित्र लागलं. पहिल्याच खेळाला आप्पा आले. पडद्यावर चांदणं पडलं आणि त्यात आप्पा मिटक्या मारत जेवू लागले. तंबूत कुजबुज झाली, कोणीतरी फिसकन हसलं. आप्पा खेळ संपेपर्यंत बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी उपास धरला. मी म्हटलं, "आप्पा, तुम्ही दुपारी जेवलाय. मला ठावं हाय."

"मलाबी ठावं हाय. पर गावानं काय बघितलं?"

"मग खेळ हाय तवर उपास करणार?"

"व्हय."

तिसऱ्या दिवशी उठताना त्यांना भिंत धरावी लागली. अख्ख्या चित्रात खरं असं तेवढंच दृश्य होतं, त्यामुळे कात्री उचलवत नव्हती. मला आप्पांचा रागही आला होता, तो का लपवू? शेवटी दुपारी तंबूत जाऊन पंगत कापून टाकली.

त्यानंतर दरोडेखोर रिकाम्या मांडवावर तुटून पडू लागले. लोक खदाखदा हसले आणि चित्र आठवड्यात उतरलं. पुढे मी आणखी चित्रं काढली. त्यांतल्या एकातही कोणी रात्री जेवत नाही.

पण हे नंतरचं. त्या दिवशी घरी आलो तेव्हा बातमी माझ्याआधीच पोचली होती. आप्पा जेवायला बसले होते, पण अजून घास घेतला नव्हता. शेजारी दुसरं ताट वाढलेलं होतं. माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "बस. ऊन हाय तवर जेवून घे."