मधोमध कापलेलं पुस्तक

जगातली एकूण एक चांगली कथा एकतर लोभाची असते नाहीतर लढाईची. तिसरी आजवर कुणी लिहिलेलीच नाही, असं आमचे धरमपेठेतले मावसाजी छातीठोकपणे सांगतात. प्रेमकथा पुढे केली तर ती ते लोभात टाकतात, सासू-सुनेची लढाईत. ऐकायला माणूस मिळत नाही, एवढीच त्यांची तक्रार. मावशी होती तोवर भाजी निवडता निवडता ऐकायची. ती गेल्यापासून सिलिंडरवाला, मीटर बघायला आलेला, चुकून बेल दाबलेला, जो सापडेल त्याला सोफ्यावर बसून दोन कथांची तुलना ऐकावी लागते. रविवारी सकाळी माझी पाळी. तर्रीपोह्यांची प्लेट हातात देऊन ते मला आधी अडकवतात. मग विहिरीला कुलूप घालणारा एका कथेतला श्रीमंत आणि दुसऱ्या कथेतला खंदकातला शिपाई समोरासमोर उभे करून विचारतात, जास्त वाईट कोण? मी एकदा शिपाई म्हणालो, तर अर्धी खाल्लेली प्लेट काढून घेतली. "लढाईतला माणूस हुकूम झाला म्हणून वाईट वागते गा. लोभातला तर सुटीच्या दिवशीबी वागते."

हा सगळा व्यासंग अर्ध्या पुस्तकावर चालतो, हे मात्र ते नवख्याला सांगत नाहीत. त्यांच्या वडिलांनी जुन्या मासिकांतल्या देशोदेशीच्या कथा कापून एक जाडजूड पुस्तक बांधून घेतलं होतं. वीसेक वर्षांपूर्वी उमरेडला भावाभावांच्या वाटण्या झाल्या. शेत, घर, भांडी सगळं शांतपणे वाटलं गेलं आणि पुस्तकावर दोघं अडून बसले. शेवटी मोठ्या भावाने बाइंडरला बोलावून ते बरोबर मधोमध कापायला लावलं. त्या दिवसापासून बोलणं बंद. कापणी नेमकी एका कथेच्या पोटात झाली. लढाईतला शिपाई लुटीच्या आशेने ओसाड घरात शिरतो, पेटीचं झाकण उचलतो आणि पान संपतं. लोभ आणि लढाई एकत्र आणणारी तेवढी एकच कथा, आणि तिचा शेवट मोठ्या भावाकडे उमरेडला. भांडलो खरं, पण पुस्तक पूर्ण वाचलं दोघांपैकी कुणीच नव्हतं, हे त्यांनी मला फार उशिरा कबूल केलं. फोन करा म्हटलं की म्हणायचे, "मी काहून करू? तो मोठा आहे, त्यानं करावा." वर्षातून एकदोनदा इस्त्रीचा शर्ट घालून ते बसस्टँडवर जायचे, उमरेडची बस सुटलेली बघायचे आणि संत्री घेऊन परत यायचे. मला हसू यायचं. आता त्या हसण्याची लाज वाटते.

गेल्या महिन्यात मोठा भाऊ गेला. तेरवीला मावसाजींबरोबर मीही गेलो. निघताना पुतण्याने पुस्तकाचा दुसरा भाग त्यांच्या हातात ठेवला. बसमध्ये तो मांडीवर तसाच होता. घरी आल्यावर त्यांनी तो उघडला. सुरुवातीला सातआठ कोरी पानं मुद्दाम शिवून घेतलेली होती आणि पहिल्यावर पेन्सिलीने लिहिलं होतं : इथपर्यंतची गोष्ट धाकट्याला विचारून लिहिणे.

कोऱ्या पानांच्या पलीकडेच त्या शिपायाचा शेवट होता. वाचा ना, मी म्हटलं. मावसाजींनी त्या अक्षरांवरून बोट फिरवलं आणि पुस्तक मिटलं.

"आता वाचून कोणाले सांगू गा?"

मी समोरच बसलो होतो. पण ते मला विचारत नव्हते.